रुईगव्हाणची टाकी आणि मोताळ्याच्या सतरा लेकी

मी निर्भीड लेखक आहे. हे मी म्हणत नाही. बुलडाण्याहून निघणाऱ्या ज्या दैनिकात दर रविवारी माझं सदर येतं, त्यात माझ्या फोटोखाली तसं छापलेलंच असतं. फोटो बारा वर्षांपूर्वीचा आहे, निर्भीडपणा मात्र दर आठवड्याला ताजा! एरवी मी मोताळ्यात एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. सदरातून आजवर मी कोणालाही सोडलेलं नाही. संयुक्त राष्ट्रसंघाला तर तीनदा फैलावर घेतलं. त्यांच्याकडून अजून एका शब्दाचं उत्तर नाही. यावरून काय ते समजा.

तर अशा माणसाने यंदा मे महिन्यात एक बेत आखला. बायकोला खूश करायचं! लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर असले विचार माणसाच्या डोक्यात सहसा येत नाहीत. पण यंदा धोंड्याचा महिना होता. तीन वर्षांतून एकदा हा अधिकमास येतो आणि त्या महिन्यापुरता जावई म्हणजे साक्षात विष्णू असतो. सासुरवाडीची माणसं त्याचे पाय धुतात, सासू पुरणाचे तेहतीस धोंडे वाढते, वरून तुपाची धार सोडते. मधल्या काळात जावई काय असतो, ते विचारू नका.

माझी सासुरवाडी रुईगव्हाण. मेहकर तालुक्यात, डोणगावच्याही पलीकडे. मोताळ्याहून निघालेला माणूस सकाळी इस्त्रीचा असतो आणि दुपारी तिथे उतरतो तेव्हा चुरगाळलेला. या गावात दोन वर्षांपूर्वी माझा मेव्हणा गजेंद्र सरपंचपदाला उभा राहिला आणि सात मतांनी पडला. कडूबा निवडून आला. तेव्हापासून आमच्या घरी रोज संध्याकाळी साडेसहाला माझी बायको दीपमाला तिच्या आईला फोन लावते आणि कडूबाच्या कारभाराचं पारायण सुरू होतं. नवी पाण्याची टाकी बांधून दीड वर्ष झालं. उद्घाटन दोनदा झालं. पाणी तिच्यात एकदाही चढलं नाही. नळ नवव्या दिवशी येतात, तेही जुन्या विहिरीवरून, अर्धा तास. टाकीचा फायदा म्हणाल तर एकच, तिच्या जिन्यावर चढलं की मोबाइलला रेंज येते. "मेला तो कडूबा!" असं म्हटल्याशिवाय दीपमालाने फोन खाली ठेवल्याचं मला आठवत नाही.

घरात इतका कच्चा माल पडून असताना लेखकाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या मागे का लागावं? मी लेख लिहिला. 'टाकी आहे, पाणी नाही!' एक वाक्य तर असं जमून आलं की मी ते स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं. 'कडूबांचा कारभार म्हणजे उन्हाळ्यात दारात ठेवलेला रांजण, फक्त पालथा!'

रविवारी सकाळी तो पेपर घडी घालून मी तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि फ्रिजला टेकून, कौतुक झेलायला चेहरा तयार ठेवून उभा राहिलो.

तिने लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना ओठ हलत होते. दुसऱ्यांदा नाकपुड्या.

"हे कोनं सांगतलं तुमाले?"

"तूच की. रोज साडेसहाला."

"मी माह्या आईले सांगत होती. तुम्ही काऊन आयकत होते?"

"अगं, पण यातलं सगळं खरं आहे ना?"

"खरं हाय म्हनूनच त राग येऊन राह्यला." तिने कप बाजूला सारला. "कडूबाले मी बोलीन. माहा भाऊ बोलीन. तुम्ही कोन? तुम्ही बाहेरचे."

बाहेरचा! सत्तावीस वर्षं मी त्या गावची मिरची खातोय. माझ्या पोटाचं जे काय झालंय, ते त्या मिरचीनेच झालंय. आणि मी बाहेरचा!

पण तिने तोवर पेपरचा फोटो काढून 'रुईगव्हाणच्या लेकी, मोताळा' या ग्रुपवर टाकलाही होता.

या ग्रुपबद्दल सांगायला हवं. रुईगव्हाणची पहिली लेक मोताळ्यात आली ती सोजराबाई. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली, आज तिला चौऱ्याहत्तरावं लागलंय. तिला इथलं स्थळ बरं वाटलं, तिने भाची आणली. भाचीने चुलतबहीण आणली. चुलतबहिणीने शेजारीण. माणसं एकामागे एक परदेशात जाऊन तिथे आपली वस्ती कशी वसवतात, हा धडा मी दरवर्षी वर्गात शिकवतो. माझ्या गल्लीतच ती वस्ती वसली आहे, हे मला त्या रविवारपर्यंत सुचलं नव्हतं. आजमितीला मोताळ्यात रुईगव्हाणच्या सतरा लेकी आहेत. आठवडी बाजार दारासमोर भरला तरी तूर आणि मिरची त्या माहेरूनच आणतात. इकडच्या वांग्याला चव नाही आणि माणसांना रीत नाही, याबद्दल सतराही जणींचं एकमत आहे. ग्रुपवर गावाची खूण म्हणून फोटो लावलाय तो त्या टाकीचा. उद्घाटनाच्या दिवशीचा. झेंडूच्या माळा घातलेली ती टाकी एखाद्या नवरदेवासारखी दिसते. नवरदेवाला पाणी पाजायचं राहिलं, एवढंच.

दुपारी चार वाजता माझ्या घरात माझ्याच निषेधाची सभा भरली. चहा मी केला. सतरा कप. तीन जणींना बिनसाखरेचा.

अध्यक्षस्थानी सोजराबाई. गेल्या वीस वर्षांत ती रुईगव्हाणला दोनदा गेली असेल, त्यातही एकदा गाडी पंक्चर झाली म्हणून थांबली होती. पण मायभूमी जितकी लांब आणि जितकी जुनी, तितका अभिमान कडक! तोही धडा मी वर्गात शिकवतो. तो असा माझ्याच दिवाणावर मांडी घालून बसेल असं वाटलं नव्हतं.

मी मुद्दे मांडायचा प्रयत्न केला. म्हटलं, आत्या, नळाला नऊ-नऊ दिवस पाणी नाही. त्यावर एका कोपऱ्यातून प्रश्न आला, की तुमच्या कॉलेजातल्या माठाची तोटी तीन वर्षांपासून तुटलेली आहे, तिच्यावर लेख केव्हा? मी म्हटलं, टाकीचं उद्घाटन दोनदा झालं. दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आलं, की दोनदा उद्घाटन व्हायला आधी टाकी तर लागते, तुमच्या गावात आहे का? माझ्या गावात नाही. मी कपबश्या गोळा करू लागलो.

शेवटी सोजराबाईने निवाडा दिला. "मास्तर, लेख वापस घ्या."

"आत्या, छापलेला लेख परत कसा घेणार?"

"मंग चारचौघात थुंका त्याच्यावर. आमच्या घरची भांडनं हायेत. आमची आमी भांडू."

परराष्ट्र खात्यांना हेच वाक्य लिहायला चार पानं लागतात.

बातमी अर्थातच रुईगव्हाणला पोचली. सतरा लेकी आपल्या पाठीशी उभ्या राहिल्या म्हटल्यावर कडूबाची छाती एवढी फुगली की टाकीतही तेवढी हवा नव्हती. त्याने जाहीर केलं, येत्या रविवारी सतरा लेकींना जावयांसकट गावचं आमंत्रण. एकत्र धोंड्याचं जेवण! स्थळ, पाण्याची टाकी. आणि मास्तरांनी त्या टाकीबद्दल गावासमोर दोन चांगले शब्द बोलावेत, मग झालंगेलं विसरू.

मी ठाम नकार दिला. निर्भीड लेखक आपले शब्द गिळत नाही! हे मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बोललो. दीपमाला कपाट उघडून साड्या बाहेर काढत होती. काढलेल्या साड्या तिने परत आत ठेवायला सुरुवात केली.

"नका बोलू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मी दचकलो. "मंग मीबी नाही जात. गाडीतून उतरली का लोकं म्हनतीन, आली पाहा, जिच्या नवऱ्यानं गावाची इज्जत पेपरात वाळू घातली. सत्तावीस वर्षांत मी त्या गावात खाली मान घालून गेली नाही. आता जानार नाही." मग कपाटाकडेच तोंड करून म्हणाली, "आईले शाहत्तर झाले. पुढच्या धोंड्याले तिचे हात चालतीन का नाही, कोनाले ठाऊक."

त्यावर कोणता निर्भीड लेखक काय उत्तर देतो, ते मला कळवा.

तरी मी दोन दिवस ताणून धरलं. मग अविनाश आला. खताचं दुकान आहे त्याचं, तोही रुईगव्हाणचाच जावई. माझ्याशी एकटाच बोलत होता, पण फाटकाबाहेर आणखी चार जावई स्कूटर चालू ठेवून उभे दिसत होते.

"सर," तो म्हणाला, "तीन वर्षांपासून वाट पाहून राह्यलो. तुमच्या लेखनीपायी माहं पुरन नका घालवू."

मी कागद घेऊन बसलो. पण एक अट मी स्वतःला घातली. खोटं बोलायचं नाही! निव्वळ खरी वाक्यं, फक्त निवडून घ्यायची. राजदूत हेच करतात आणि निवृत्त झाल्यावर पुस्तकं लिहितात. 'अशी टाकी पंचक्रोशीत नाही.' खरं. 'ही टाकी पाहिल्यावर माणूस अवाक होतो.' खरं. आणि शेवटचं वाक्य तर असं साधलं की पालथा रांजण त्यापुढे फिका पडावा.

रविवारी तीन क्रूझर भरून आम्ही निघालो. सतरा लेकी, बारा जावई, आणि प्रत्येक लेकीच्या मांडीवर एकेक पिशवी. डोणगाव सोडल्यावर लांबून टाकी दिसली आणि सोजराबाईने गाडीतल्या गाडीत हात जोडले. बाकीच्यांनीही जोडले. मी जोडले, कारण दीपमाला बघत होती.

ऊन असं की डांबराला घाम फुटलेला. कडूबाने मांडव घातला नव्हता. दुपारी बाराला टाकीची सावली बरोबर तिच्या पायाशी पडते आणि तेवढी सावली बारा खुर्च्यांना पुरते, असा त्याचा हिशोब. टाकीखाली जावई, जावयांच्या पायाशी परात, समोर गाव, आणि बाजूला माइक. फोटोच्या दृष्टीने उत्तम! शिवाय त्याने सगळ्यांसाठी एक गुपित राखून ठेवलं होतं. आदल्या दिवसापासून एका बागायतदाराच्या विहिरीवरची मोटर लावून, गावाला न सांगता, त्याने टाकी पहिल्यांदाच भरून घेतली होती. जावयांचे पाय टाकीच्या नळाने धुवायचे, म्हणजे मोताळ्याच्या पेपराला परस्पर उत्तर. असं तो माझ्या कानात म्हणाला आणि पेपर बुलडाण्याचा आहे हे मी सांगेपर्यंत त्याने माइक माझ्या हातात दिला.

मी उभा राहिलो. समोर पहिल्या ओळीत माझी सासू रुक्मिणीबाई, हातात धोंड्यांचं ताट, त्यावर पांढरा रुमाल. तिच्याशेजारी दीपमाला, नव्या जांभळ्या साडीत, मान अशी ताठ की दीपस्तंभाने शिकावं.

"अशी टाकी पंचक्रोशीत नाही," मी म्हणालो. टाळ्या. "ही टाकी पाहिल्यावर माणूस अवाक होतो." टाळ्या. सोजराबाईने डोळे पुसले. मग मी आवाज चढवला आणि ते शेवटचं वाक्य फेकलं. "आणि मी आज छातीठोकपणे सांगतो, की या टाकीतून आजवर पाण्याचा एक थेंबही गळालेला नाही!"

टाळ्यांच्या कडकडाटात मी माइकसकट खुर्चीत बसलो. शेजारी अविनाशने टकलावर हात फिरवला आणि वर पाहिलं.

त्याला वाटलं कबुतर. मग दुसऱ्या जावयालाही कबुतर वाटलं. एकाच वेळी सहा जावयांना कबुतर वाटलं, तेव्हा मला राज्यशास्त्राच्या पलीकडचा काहीतरी संशय आला. मी मान वर केली आणि टाकीच्या बुडातून एक धार बरोबर माझ्या चष्म्यावर आली. मग दुसरी, मग तिसरी! पाय धुवायचे होते, सुरुवात डोक्यापासून झाली. बारा विष्णू खुर्च्यांसकट भिजू लागले. उठायचं कसं? पाय तर परातीत होते!

आता कोणी म्हणेल, गाव धावलं असेल जावयांना पुसायला. गाव धावलं खरं, पण उलट्या दिशेला. सात दिवस झाले होते नळ येऊन. मिनिटभरात हंडे, कळशा, बादल्या, एकीने तर भाजीची पातेली, सगळं घेऊन बाया टाकीखाली हजर! प्रत्येक धारेखाली एक हंडा. "दाजी, सरका जरा," म्हणत एकीने माझी खुर्ची मी बसलेला असताना बाजूला ओढली. एका सासूने स्वतःच्या जावयाच्या पायाखालची परात काढून घेतली आणि धारेखाली लावली. सत्तावीस वर्षांत मी माझं महत्त्व इतक्या नेमकेपणाने मोजलेलं पाहिलं नव्हतं.

आणि त्या गर्दीत रुक्मिणीबाई. धोंड्यांचं ताट कोणाच्या तरी हातात देऊन ती हंडा घेऊन घुसली होती. शहात्तर वर्षांची बाई, पदर खोचून, एका धारेसाठी कडूबाच्याच चुलतीशी हुज्जत घालत होती. हंडा अर्धा भरला, तिने तो उचलायला घेतला आणि तो उचलला जाईना.

दीपमालाने ते पाहिलं.

ती चालत आली. आईच्या हातातून हंडा घेतला, बाजूला ठेवला. मग माझ्याकडे वळून हात पुढे केला. मी निमूट माइक दिला.

त्यानंतर जे झालं ते मी शब्दशः सांगू शकतो, कारण ते शब्द माझेच होते! टाकी आहे, पाणी नाही. उद्घाटनं दोन, नळ नवव्या दिवशी. ओळ अन् ओळ तिने घेतली, फक्त वऱ्हाडीत आणि दुप्पट आवाजात. पालथा रांजणसुद्धा सोडला नाही. मागून सोळा लेकी "हाव!" म्हणत होत्या, आणि सगळ्यात मोठा "हाव" सोजराबाईचा. ज्या टाकीला तासाभरापूर्वी हात जोडले होते, तिच्याच खांबावर ती काठी आपटत होती.

मला राहवलं नाही. भिजलेल्या अवस्थेत उभा राहून म्हणालो, "मी तरी दुसरं काय लिहिलं होतं?"

सतराही जणींनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही बसा खाली," सोजराबाई म्हणाली. मी बसलो. खुर्ची तिथे नव्हती, पण बसलो.

कडूबाला मात्र ही संधी वाटली. तो उसळून पुढे आला. म्हणाला, हे सारं या मास्तराचं डोकं आहे, लेकींना यानेच फितवलं. "अन हा कुठला आला लेखक? याचं ते सदर पुडी बांधायच्या कामाचं नाही. भंगार लिहिते!"

टाकीखालच्या बायांनी हातातले हंडे खाली ठेवले.

"कडूबा," दीपमाला माइकवरच म्हणाली, "यायचं लिहिनं भंगार हाय, ते मी म्हनीन. घरात रोज म्हनतो. तू कोन? तू बाहेरचा."

चिखलात बसलेला मी तेव्हा काय दिसत असेन ते असो, पण माझीही मान त्या टाकीइतकी उंच झाली. सत्तावीस वर्षांनी मला नागरिकत्व मिळालं होतं, तेही भर गावासमोर!

कडूबाने आठ दिवसांत टाकीचं बूड दुरुस्त करायचं कबूल केलं. तोंडी नको म्हणून लेकींनी ते ग्रामपंचायतीच्या पाटीवर खडूने लिहून घेतलं. मग माणसं आपापल्या घरी पांगली. सासूने मला गजेंद्रचा कोरडा सदरा दिला, जो माझ्या पोटावर मिटत नव्हता, आणि त्याच हंड्यातल्या पाण्याने माझे पाय धुतले. पाणी जपून वापरलं. एका पायाला एक तांब्या. तेहतीस धोंड्यांपैकी मी एकोणीस खाल्ले, उरलेले डब्यात भरून दिले. निघताना दीपमाला साऱ्या गल्लीतून पायी चालत गाडीपर्यंत गेली. गाडी दारात बोलावता आली असती.

परतीच्या वाटेवर डोणगाव मागे पडलं. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. मी हळूच विचारलं, "खरंच भंगार वाटतं?"

"मंग का?" ती म्हणाली.

पुढच्या सीटवरून अविनाशने मान वळवली. त्याचं टक्कल एव्हाना वाळलं होतं. "हाव सर," तो सहानुभूतीने म्हणाला, "थोडं भंगारच हाय."

"अविनाशराव," दीपमाला म्हणाली, "तुम्ही समोर पाहा."

तो समोर पाहू लागला, ते मोताळा येईपर्यंत.

सदर अजून चालू आहे. या रविवारी पुन्हा संयुक्त राष्ट्रसंघाला धरणार आहे. त्यांची कोणी लेक मोताळ्यात दिलेली नाही, याची आधी सोजराबाईकडून खात्री करून घेतली आहे.